दोन मोटरी, एक विमान: मॉस्किटोचं रेडिओ कंट्रोल मॉडेल बांधताना

एका मोटरीची दोन-तीन विमानं बांधून, पाडून, परत जोडून झाली की प्रत्येकाच्या मनात दोन मोटरींचं विमान घोळायला लागतं. त्यातही दुसऱ्या महायुद्धातलं. हा लेख त्या वळणावर आलेल्यांसाठी आहे. एलेरॉनवालं (पंखांच्या मागच्या कडेला हलणाऱ्या झडपा असलेलं), खाली पंख असलेलं विमान तुम्ही वाऱ्यात बिनधास्त उतरवत असाल तर पुढे वाचा. अजून ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ विमानावर, हात बसत असेल तर एक मोसम थांबा. तोवर लाकूड जमवा.

मी उदाहरणाला डी हॅविलँड मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं ब्रिटिश विमान घेतलं आहे, कारण हे विमान मुळातच आपल्या साहित्यातलं आहे. २५ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डला त्याचं पहिलं उड्डाण झालं. धड बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून केलेलं. फर्निचरच्या कारखान्यांतल्या सुतारांनीही त्याचे भाग बनवले. एकूण ७,७८१ विमानं तयार झाली. बाल्सा हे काही फक्त खेळण्यांचं लाकूड नाही, हे नवख्याला पटवायला याहून चांगलं विमान मला माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोन मोटरींच्या विमानात सगळ्यात जास्त मेहनत डावं आणि उजवं सारखं ठेवण्यात जाते. ताकद कमी पडली म्हणून पडलेली अशी विमानं मी फारशी पाहिली नाहीत. एका बाजूने साथ सोडली म्हणून पडलेली बरीच पाहिली. त्यांत माझंही एक आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

माप आणि वजन

मूळ मॉस्किटोच्या पंखांची लांबी १६.५१ मीटर. आपण १:१२ प्रमाण घेऊ. म्हणजे पंख १३७ सेंटिमीटर, धड साधारण १०४ सेंटिमीटर. पंखाचं क्षेत्रफळ २९ चौरस डेसिमीटरच्या आसपास येतं. याहून लहान केलं तर वजन आवरत नाही, याहून मोठं केलं तर खर्च आवरत नाही.

उडतं वजन १.८ किलो धरा आणि २ किलोच्या वर जाऊ देऊ नका. माझा हिशेब असा: दोन मोटरी १५० ग्रॅम, दोन ईएससी (मोटरीचा वेग ठरवणारी सर्किटं) ७०, बॅटरी ३२०, पाच सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ६०, रिसीव्हर, बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट देणारं सर्किट) आणि वायरिंग १२०, चाकं आणि तारा १५०, पंखे (प्रोपेलर) आणि स्पिनर (त्यांच्या मधल्या टोप्या) ६०. हे झाले ९३० ग्रॅम. उरलेल्या ८७० ग्रॅममध्ये लाकूड, सरस आणि कव्हरिंग सगळं बसवायचं. किचनमधला डिजिटल काटा टेबलावर ठेवूनच काम करा. प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी त्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा.

शेपटीकडे जास्त लक्ष द्या. मॉस्किटोचं नाक आखूड आणि शेपूट लांब. शेपटीत १० ग्रॅम वाढले तर ते तोलायला नाकात २५-३० ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेपटीसाठी ढिगातला सगळ्यात हलका बाल्सा बाजूला काढून ठेवा.

धड: दोन अर्धुकं

मूळ कारखान्यात धडाचा डावा आणि उजवा भाग वेगवेगळ्या साच्यांवर बनायचा. आतल्या तारा-नळ्या उघड्या अर्धुकांत बसवायच्या आणि मग शेंगेची दोन टरफलं मिटावीत तसं धड जोडायचं. मॉडेललाही हीच पद्धत सोयीची आहे.

प्लॅन टेबलावर पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक. बाजूच्या दृश्यावर वरची आणि खालची मधली पट्टी ५ मिमी बाल्साची टाचा. त्यावर अर्धे फॉर्मर, म्हणजे धडाला आकार देणारे आडवे छेद, उभे करा. पंखाच्या जागेचे दोन ३ मिमी लाइट प्लायचे, बाकी बाल्साचे. बाहेरून २.५ मिमी बाल्साच्या पट्ट्या. गोलाईवर पट्टी बसत नसेल तर तिच्या बाहेरच्या अंगाला गरम पाण्याचा हात फिरवा आणि पाच मिनिटं थांबा, ती आपोआप वाकते. जोर लावलात तर मोडते.

एक अर्धुक झालं की ते उचलून त्याच्याच पाठीवर दुसरं बांधा. वेगळं बांधून नंतर जुळवायला गेलात तर शेपटीकडे दोन मिलिमीटरचा फरक पडतोच. शेवटी मिटवण्याआधी एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप) आणि रडर (उभी झडप) हलवणारे पुशरॉड, अँटेनाची नळी, सर्वोची पाटी हे सगळं आत बसवून घ्या. नंतर त्या बोगद्यात हात जात नाही.

सरसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचा आपल्या हवेशी थेट संबंध आहे. मॉस्किटो सुरुवातीला दुधापासून केलेल्या केसीन सरसाने जोडायचे, नंतर कृत्रिम रेझिन आलं. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटो हवेतच मोडली आणि नोव्हेंबरमध्ये इकडचा ताफा तपासणीसाठी जमिनीवर ठेवावा लागला. आधी बोट दाखवलं गेलं ते उष्ण दमट हवेवर आणि सरसावर. तपासात सांध्यांच्या जोडकामातले दोषही निघाले. आपल्या टेबलावरचा धडा तोच आहे: नीट न बसलेला सांधा सरस ओतून भरून निघत नाही. आधी कोरडं बसवून बघा. उजेडासमोर धरल्यावर फट दिसली तर पॉलिश पेपर घ्या, सरस नको.

लाकडाला लाकूड जोडायला पांढरा सुतारी सरस, जागेवर टाचायला सीए, म्हणजे झटपट धरणारा सुपर ग्लू. मोटरीची भिंत (जिच्यावर मोटर बसते ती फळी) आणि चाकांचे ठोकळे यांना तीस मिनिटांचं इपॉक्सी. पाच मिनिटांचं नको, ते लाकडात मुरण्याआधीच घट्ट होतं. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर बांधत असाल तर पांढऱ्या सरसाला रात्रभर नव्हे, पुरता एक दिवस द्या. वरून सुकलेला दिसतो, आत ओला असतो.

पंख

मूळ पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होता आणि धड त्यावर बसायचं. मॉडेललाही सलग पंख ठेवा, दोन नायलॉन बोल्टनी धडाला लावा. नासेल, म्हणजे मोटरींची घरं, पंखाचाच भाग. त्यामुळे ताकदीचं सगळं वायरिंग पंखात राहतं आणि माळावर फक्त एक जाड प्लग आणि दोन-तीन बारीक प्लग जोडायचे उरतात.

बरगड्या एकेक कापू नका. मुळाची आणि टोकाची अशा दोन प्लायच्या बरगड्या करा, मध्ये बाल्साचे तुकडे रचा, दोन लांब बोल्टनी आवळा आणि सगळी चळत एकदम घासा. डाव्याची चळत झाली की उजवीही त्याच प्लायच्या साच्यांत. तिरपेपणा उलटा येणार हे ध्यानात ठेवून साचे उलटे लावा.

स्पार, म्हणजे पंखाचा कणा, वर आणि खाली ३ बाय ६ मिमी स्प्रूसचा, मध्ये उभ्या रेषांच्या बाल्साची भिंत. नासेलपासून नासेलपर्यंत ही भिंत १.५ मिमी प्लायची करा, कारण बॅटरी सोडली तर बहुतेक वजन आणि चाकांचे सगळे दणके तिथेच येतात. प्रत्येक पंखाच्या टोकाला मागची कड वर उचलून दोन अंशांचा पीळ द्या. मॉस्किटोचा पंख टोकाकडे निमुळता आहे, वेग पडला की टोक आधी सोडतं आणि विमान अंगावर लोळतं. दोन्ही पीळ सारखे आहेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. टेबलावर मागच्या कडेखाली एकाच मापाची लाकडी पाचर दोन्हीकडे ठेवून, त्यावरच वरचं शीटिंग (पातळ बाल्साचं आवरण) चिकटवा. शीटिंग बसल्यावर पीळ कायमचा ठरतो.

मोटरीची भिंत ४ मिमी बर्च प्लायची, मागे त्रिकोणी पट्ट्या. दोन्ही मोटरींचा रोख एक ते दीड अंश बाहेरच्या बाजूला आणि तितकाच खाली ठेवा. एक बंद पडलीच तर विमान वळवण्याचा दुसरीचा जोर यामुळे थोडा कमी होतो. थोडाच, पण तो हवा असतो.

मोटरी, पंखे, ईएससी

पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाचा मोह नवख्याने टाळावा. दोन इंजिनांच्या इंधनाच्या सुया जुळवणं हा वेगळाच अभ्यास आहे. इलेक्ट्रिकवर हात बसला की मग बघा.

ताकदीचं गणित सोपं आहे. अशा विमानाला किलोमागे २०० ते २५० वॅट पुरतात. १.८ किलोला म्हणजे ३६०-४५० वॅट, प्रत्येक बाजूला साधारण २००. त्यासाठी २८३६ मापाची, १००० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला इतक्या फेऱ्या) आसपासची मोटर, ३एस (तीन सेलची) लायपो बॅटरी आणि ९ बाय ६ चा (व्यास ९ इंच, पिच ६ इंच) पंखा. अशी मोटर जमिनीवर १७ ते २० अँपिअर खाते. ईएससी ४० अँपिअरचा घ्या. ३० चा चालतो, पण मे महिन्यातल्या दुपारी तो कडेवर चालत असतो.

मूळ पंख्याचा व्यास बारा फूट होता, म्हणजे आपल्या प्रमाणात तो बरोबर बारा इंच येतो. प्रदर्शनात ठेवायला तो लावा. उडवायला नऊ इंचच बरा, जमिनीपासून आणि धडापासून अंतर राहतं. धड आणि पंख्याचं टोक यांत २ सेंटिमीटर तरी मोकळे हवेत.

दोन्ही मोटरी, दोन्ही ईएससी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले. जुनी एक पडून आहे म्हणून तिला नवी जोडीदार आणू नका. आतलं सॉफ्टवेअर वेगळं असलं तर थ्रॉटल उघडताना एक आधी दम धरते, दुसरी मागून येते.

ईएससी कुठे ठेवायचा? मॉस्किटोनेच जागा करून ठेवली आहे. मूळ विमानात धड आणि इंजिनं यांच्यामध्ये, पंखाच्या पुढच्या कडेत, रेडिएटरची तोंडं होती. मॉडेलमध्ये तीच फट उघडी ठेवा आणि ईएससी तिच्या मागे बसवा. समोरून गार वारा मिळतो. मात्र खालून हवा बाहेर पडायची वाट आत येण्याच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा, नाहीतर वारा आत शिरतच नाही. दुसरा फायदा असा की बॅटरीकडच्या तारा फार लांबत नाहीत. बॅटरी ते ईएससी अंतर वाढलं की ईएससीमधल्या कपॅसिटरवर ताण येतो आणि तो काही दिवसांनी फुगतो. वाढवायची वेळ आली तर मोटरीकडच्या तीन तारा वाढवा. बॅटरीकडच्या वाढवाव्याच लागल्या तर ईएससीच्या तोंडाशीच जादा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा.

वायरिंग, म्हणजे विमानाचा जीव

बॅटरी एकच, किंवा दोन असल्या तर समांतर जोडून एक केलेल्या. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितो आहे.

माझ्या पहिल्या दोन मोटरींच्या विमानात मी प्रत्येक मोटरीला वेगळी २२०० एमएएचची बॅटरी दिली होती. वायरिंग सुटसुटीत दिसत होतं. सहाव्या मिनिटाला उतरायला वळलो. डावा पंखा थांबलेला मला दिसला, पण आवाज चालूच होता, म्हणून क्षणभर डोळ्यांवर विश्वासच बसेना. तेवढ्या वेळात विमान डावीकडे लोळलं आणि ज्वारीच्या धसकटांत नाकावर गेलं. नंतर बॅटऱ्या तपासल्या: डावीचा सेल ३.१ व्होल्टवर, उजवीचा ३.६ वर. डाव्या ईएससीने व्होल्टेज कमी झालं म्हणून आपलं ठरलेलं काम केलं होतं आणि मोटर बंद केली होती. उजव्याला तसं करायचं कारणच नव्हतं.

म्हणून ३एस ४००० ची एकच बॅटरी, किमान ३०सी (किती जोराचा प्रवाह देऊ शकते त्याचा आकडा). तिच्यापासून एक्सटी-६० चा प्लग, तिथून १२ गेजची तार, पुढे दोन फाटे १४ गेजचे. दोन्ही फाट्यांची लांबी सारखी. दोन २२०० समांतर लावणार असाल तर जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज मोजा. फरक ०.१ व्होल्टच्या आत हवा, नाहीतर भरलेली बॅटरी रिकामीत धाडकन ओतते.

फाट्याचा डाग नीट द्या. ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, दोन्ही तारांना आधी वेगवेगळं सोल्डर चढवून घ्यायचं, मग एकत्र धरून तापवायचं. उष्णता तारेला द्या, सोल्डरला नाही. सोल्डर तारेच्या धाग्यांत पाण्यासारखं शिरताना दिसतं, आणि आयर्न काढल्यावर चमक राहिली तर डाग पक्का. गोळा बसल्यासारखा आणि धुरकट दिसला तर तो थंड डाग, परत करा. गार झाल्यावर दोन्ही टोकं धरून जोराने ओढा. श्रिंक ट्यूब तारेत आधी ओवून ठेवायला विसरू नका.

आता बीईसी. प्रत्येक ईएससीमधून रिसीव्हरकडे ५ व्होल्ट येतात. दोघांचे एकत्र सोडले तर ते एकमेकांशी भांडतात, आणि भांडणात रिसीव्हर मरतो. थ्रॉटलच्या वाय तारेतल्या (एका चॅनलचे दोन फाटे करणाऱ्या तारेतल्या) एका प्लगमधली लाल तार सुईने पिन उचलून बाहेर काढा, मागे दुमडून टेप लावा. कापू नका, पुढे कधी लागते. मी तर दोन्हींच्या लाल तारा काढतो आणि ५ अँपिअरचा वेगळा बीईसी लावतो. मग ईएससी तापला, जळला, काहीही झालं तरी सर्वो चालू राहतात.

ईएससीमधलं व्होल्टेज कटऑफ दोन्हीकडे सगळ्यात खालच्या पायरीवर आणि सॉफ्ट कट वर ठेवा, म्हणजे मोटर एकदम बंद न होता मंद होते. हे कटऑफ आपल्याला कधी लागताच कामा नये. ट्रान्समीटरवर सहा मिनिटांचा टायमर आणि बॅटरीच्या बॅलन्स प्लगला सेलमागे ३.५ व्होल्टवर ओरडणारा अलार्म लावा.

पंखे कुठल्या दिशेने फिरवायचे

मूळ मॉस्किटोची दोन्ही मर्लिन इंजिनं एकाच दिशेने फिरायची. त्यामुळे धावताना विमान डावीकडे ओढायचं आणि वैमानिक डावं थ्रॉटल जरा पुढे ठेवून ते सांभाळायचे. मॉडेलमध्ये उलट फिरणारे पंखे मिळत असतील तर आपण ही कटकट टाळू शकतो. मोटरीच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते.

डावीकडे नेहमीचा पंखा, उजवीकडे उलटा. मागून पाहिलं तर दोन्हींची वरची पाती धडाकडे येताना दिसली पाहिजेत. असं असलं की खाली उतरणारी पाती धडाजवळ राहते आणि एक मोटर गेल्यास दुसरीची ओढ मध्याच्या जवळ राहते. पंख्यावरची अक्षरं दोन्हीकडे पुढेच, विमान ज्या दिशेने जाणार त्या बाजूला. उलट्या फिरणाऱ्या पंख्याचा नट चालता चालता सैल होऊ शकतो, तिथे नायलॉन असलेला लॉक नट लावा.

जुळवणी

आधी पंखे काढा. प्रत्येक ईएससी वेगळा रिसीव्हरला लावून थ्रॉटल शिकवा: स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप आले की स्टिक पूर्ण खाली, परत बीप. दुसऱ्यालाही तेच. एकाला शिकवून दुसऱ्याला तसंच सोडलं तर एक मोटर स्टिकच्या तिसऱ्या खाचेवर सुटते आणि दुसरी पाचव्यावर.

मग पंखे लावा, विमान कुणाला तरी मागून घट्ट धरायला सांगा, स्वतः पंख्यांच्या रेषेत उभे राहू नका. वॅटमीटर लावून एकेक बाजू मोजा. अँपिअरमध्ये एकाहून जास्त फरक आला तर पंखा, डाग किंवा मोटरीचं बेअरिंग यांपैकी काहीतरी गडबड आहे.

यानंतरचं काम मीटरने नाही, कानाने करायचं. दोन्ही मोटरी अर्ध्या थ्रॉटलवर ठेवा आणि ऐका. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळ आल्या पण जुळल्या नाहीत की आवाज जसा हेलकावे खातो, तसाच हेलकावा इथे ऐकू येतो: वाँव, वाँव, वाँव. दोन पात्यांचे पंखे असतील आणि मिनिटाला शंभर फेऱ्यांचा फरक असेल, तर सेकंदाला सुमारे तीन हेलकावे येतात. फरक कमी होत जातो तसे ते लांबतात, आणि जुळले की एकच सलग सूर उरतो. दोन थ्रॉटल दोन चॅनलवर घेतले असतील तर मंद बाजूचा वरचा टप्पा जसाच्या तसा ठेवा आणि जलद बाजूचा टप्प्याटप्प्याने खाली आणा. वाय तार असेल तर पंखे आपसांत बदलून बघा. बऱ्याचदा फरक मोटरीत नसतो, पंख्यात असतो. अगदी एकसूर व्हायलाच हवं असं नाही, हवेत तो थोडा हलतोच. हेलकावे सेकंदाला एकाच्या आत आले की मी थांबतो.

रडरबरोबर मोटरींचा वेग कमी-जास्त करण्याचं मिक्सिंग बऱ्याच ट्रान्समीटरवर मिळतं. जमिनीवर वळवायला ते छान आहे. पहिल्या दहा उड्डाणांत ते बंद ठेवा.

चाकं, रंग, तोल

उड्डाणात आत मिटणारी चाकं पहिल्या विमानाला नकोत. ४ मिमी पियानो वायरचे पक्के पाय, नासेलमधल्या प्लायच्या ठोकळ्यात, आणि तो ठोकळा स्पारला टेकलेला. चाकं ७०-७५ मिमीची. आपल्या माळावर लहान चाकं दगडाला अडतात आणि विमान नाकावर जातं.

रंगाचा विचार सुंदर दिसण्यासाठी करा, पण ओळखू येण्यासाठी आधी करा. आपल्याकडच्या आघाडीवरची बरीच मॉस्किटो पुढे चंदेरी रंगवली होती आणि जपानी खुणेशी घोटाळा नको म्हणून गोलातला लाल रंग काढून टाकला होता. तो साज मला फार आवडतो, पण ढगाळ आभाळात चंदेरी विमान दिसेनासं होतं. पहिलं विमान हिरव्या-करड्या रंगात ठेवा आणि पंखांच्या खाली जून १९४४ च्या नॉर्मंडीतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या द्या. वर कुठलं आणि खाली कुठलं हे शंभर मीटरवरून कळतं.

तोल पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ टक्क्यांवर. आपल्या मापात सरासरी रुंदी २१ सेंटिमीटर, म्हणजे त्या जागच्या पुढच्या कडेपासून ५३ मिमी मागे. बॅटरी नाकात जितकी पुढे जाईल तितकी सरकवा, शिसं शेवटचा उपाय. मग नाक आणि शेपूट दोन बोटांवर धरून डाव्या-उजव्याचाही तोल बघा. हे बरेच जण विसरतात. हलक्या टोकाला एखादं नाणं आत चिकटवलं की काम होतं.

माळावर

भारतात २५ किलोच्या आतलं, छंदासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं मॉडेल २०२१ च्या ड्रोन नियमांत येतं. त्याला टाइप सर्टिफिकेट (सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र) लागत नाही, पण कुठे उडवता येतं हे दाखवणाऱ्या हवाई नकाशाचे रंग त्यालाही लागू आहेत. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंतच. नियमांत बदल होत असतात, म्हणून दर मोसमाला परत बघा. शेताच्या मालकाला विचारा, विजेच्या तारा कुठून जातात ते चालत जाऊन पाहा.

पहिल्या उड्डाणाला नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. वारा उठायच्या आत. उडवण्याआधी तीस पावलांवरून ट्रान्समीटरची रेंज चाचणी घ्या, मोटरी चालू ठेवून.

थ्रॉटल एकदम उघडू नका. शून्यापासून पूर्णपर्यंत चार सेकंद घ्या. दोन्ही मोटरी एकत्र चढतात आणि विमान सरळ धावतं. शेपूट आपोआप उचलू द्या, मग थोडा एलेव्हेटर. चढण उथळ ठेवा. उड्डाणानंतरचे पहिले काही क्षण सगळ्यात नाजूक, कारण वेग कमी असतो आणि थ्रॉटल पूर्ण. पुरेशा उंचीवर पोहोचेपर्यंत वळूच नका.

हे विमान ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पंख सोडेल. तुम्हाला आकडा दिसणार नाही, म्हणून उंचावर, तीन चुका करायला जागा आहे अशा ठिकाणी, थ्रॉटल कमी करून नाक हळूहळू उचला आणि ते कधी आणि कुठल्या बाजूला सोडतं ते पाहून ठेवा. उतरताना त्याहून जास्त वेग, आणि चाकं टेकेपर्यंत थोडं थ्रॉटल चालू.

एक मोटर बंद पडली तर काय? हे घरी खुर्चीवर बसून हाताला शिकवून ठेवा: थ्रॉटल पूर्ण बंद. मग नाक खाली. मग पंख सरळ. मग समोर जे असेल तिथे ग्लायडरसारखं उतरवायचं. चालू मोटरीवर धावपट्टीपर्यंत आणायचा मोह होतो, आणि विमानं त्याच मोहात जातात. मूळ मॉस्किटो एका इंजिनावर परत यायचं, पण त्यात वैमानिक बसलेला असायचा आणि ओढ त्याला अंगाने कळायची. आपण दोनशे फुटांवरून बघत असतो.

पहिलं उड्डाण चार मिनिटांचं करा. उतरवलं की आधी बॅटरी काढा. मग एक हात डाव्या मोटरीवर, एक उजवीवर ठेवा. नंतर दोन्ही ईएससी. एक बाजू जास्त तापलेली असेल तर त्या दिवशी दुसरं उड्डाण नाही: पंखा, बेअरिंग, डाग, हवेची वाट, या क्रमाने शोधा. बॅटरीत परत किती एमएएच भरले ते वहीत लिहा, बॅटरी गाडीत उन्हात ठेवू नका आणि त्या दिवशी परत उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. दोन्ही हातांना सारखीच ऊब लागली, तर दुसरी बॅटरी लावा.